डाव्या वळशांची केरसुणी

लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला जगातली कुठलीही वस्तू खोलून पुन्हा जोडता येते असं वाटलं, तर त्यात नवल नाही. महिपतीला तसं वाटायचं. घाटात विजेची इंजिनं धावायला लागली आणि वाफेच्या इंजिनांबरोबर महिपतीलाही घरी बसावं लागलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. तुंगार्लीत शेठ लोकांच्या बंगल्यांची रांग संपते आणि डोंगराचा चढ सुरू होतो, तिथं त्याचं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. घरात बसून तो रोज काहीतरी खोलायचा. कंदील झाला, गजराचं घड्याळ झालं, शेजारच्या दत्तोबाच्या विहिरीचा रहाट झाला. जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरलाच, तर तो बनवणाऱ्यानं उगाच घातला होता असं तो ठासून सांगे.

त्याची बायको कस्तुराबाई टाकवे बुद्रुकची, कमी बोलणारी, पण एकदा मनात आणलं की मागं न हटणारी. एकुलती एक लेक शालू तळेगावात दिली होती. शालूची दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरनं गाडीचा प्रवाससुद्धा नको म्हणून बजावलं, तेव्हा लेकीनं माहेरी यायच्याऐवजी आईनंच तळेगावला जायचं ठरलं. कस्तुराबाईनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डिंकाचे लाडू वळले, आणि बाळंतिणीच्या खोलीला एक कोरी केरसुणी हवी असा हट्ट धरला.

केरसुण्या आणायची ती वरच्या वाडीतली सावित्राबाई. दरवर्षी दिवाळी सरली की डोक्यावर भारा घेऊन ती डोंगर उतरायची. यंदा मार्गशीर्ष लागला तरी तिचा पत्ता नव्हता, आणि बाजारातली केरसुणी कस्तुराबाईच्या पसंतीला उतरेना. शेवटी महिपती म्हणाला, चार शिंदीच्या पात्या आणि हातभर सुतळी, त्यात एवढं काय आहे, मी करतो. कस्तुराबाईनं नाक मुरडलं, पण नको म्हणाली नाही.

करायचं तर नमुना हवा. घरातली केरसुणी झिजून तिची मूठ केव्हाच सुटली होती. नमुना मिळाला तो अगदी अचानक. शिंदीच्या पानांचे फड तोडायला महिपती ओढ्याकडे निघाला होता. वाडीची वाट जिथं शिवेच्या शेंदूर लावलेल्या धोंड्यापाशी वळते, तिथं करवंदीच्या जाळीत एक केरसुणी पडलेली त्याला दिसली. जवळजवळ नवीकोरीच. एखाद-दुसऱ्यांदा वापरली असेल नसेल. चांगली वस्तू फेकून देणाऱ्या लोकांना मनातल्या मनात दोन शब्द सुनावून त्यानं ती पिशवीत घातली.

फड आठ दिवस उन्हात वाळले. रोज दुपारी तो ते उलथेपालथे करायचा. मग त्यानं फळीच्या तुकड्यावर खिळे ठोकून फणी केली आणि पात्या तिच्यातून ओढून ओढून चिरल्या, इतक्या बारीक की अंगठ्यावर नुसती सळसळ लागावी. घरभर वाळक्या शिंदीचा गोडसर वास भरला. एवढं झाल्यावर त्यानं सापडलेली केरसुणी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून खोलायला घेतली. पात्या मोजल्या, फूटपट्टीनं लांबी घेतली, पेन्सिलीनं वहीत मुठीचं चित्र काढलं. अंबाडीच्या दोरीचे सात वळसे. सातही डाव्या बाजूनं घेतलेले. गाठ कुठंच नाही, दोरीचं टोक नुसतं आत खुपसलेलं. बांधणारा डावखुरा असणार, अशी नोंद त्यानं चित्राखाली केली.

बांधताना मात्र त्याला घाम फुटला. हात सवयीनं उजवीकडून जाई, आणि नमुना तर डावीकडचा. तीनदा बांधून तीनदा सोडली. कस्तुराबाई म्हणाली की डावं काय आणि उजवं काय, बांधा कशीबी. पण नमुना म्हणजे नमुना. शेडमध्ये असता नमुना सोडून एक आटा कुणाला फिरवू दिला नव्हता त्यानं. चौथ्या वेळी वळसे बसले, आणि मूठ अशी घट्ट झाली की ओढून पाहिलं तरी एक काडी हलेना.

आता कुठलीही नवी वस्तू बाहेर पाठवण्याआधी तिची चाचणी घ्यायची, ही शेडची रीत. मंगळवारी सकाळी महिपतीनं धोतराचा सोगा खोचला आणि स्वतः घर झाडायला घेतलं. कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मागच्या स्वयंपाकघरापासून त्यानं सुरुवात केली, मधली खोली काढली, पुढची काढली, आणि सगळा केर एका सरळ रेषेत उंबऱ्याबाहेर लोटला. केरसुणी काय सुरेख चालत होती! कोपऱ्यातली धूळसुद्धा आपण होऊन पुढं येत होती.

केर बाहेर पडला तेव्हा घरात एकदम शांत वाटलं. हसता हसता कस्तुराबाई थांबली होती.

बुधवारी सकाळी नऊच्या पॅसेंजरनं तिला निघायचं होतं. गाठोडं काखेला मारून ती उंबऱ्यापर्यंत आली आणि दूध झाकायचं राहिलं म्हणून मागं वळली. दूध झाकलं. मग देवापुढची वात सारखी करायची आठवली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढायचं. महिपती तिच्यावर खेकसला, आणि स्वतः चष्मा विसरला म्हणून आत गेला. खाली स्टेशनात गाडीची शिट्टी झाली तेव्हा दोघं मधल्या खोलीत उभी होती. चष्मा महिपतीच्या नाकावरच होता.

गुरुवारी तेच झालं. कारणं निराळी, पण उंबऱ्याशी पाय उचलला की काहीतरी आठवायचंच. आणि ते इतकं साधं असायचं की संशय यायला जागा नव्हती. पोटात कळ आली, टोपी राहिली, मांजर आत कोंडलं असेल. मांजर तर त्यांच्या घरात कधीच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी महिपतीच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कौलांतल्या काचेतून उन्हाची तिरीप जमिनीवर पडते, तिच्यात धुळीचे कण तरंगताना तो वर्षानुवर्षं पाहत आला होता. आता त्या उजेडात काही नव्हतं. नुसता उजेड. त्यानं अंगावरची घोंगडी झटकून पाहिली, तरी एक कण उठला नाही. मंगळवारी झाडलेली जमीन तशीच लख्ख होती, आणि सकाळी कोरड्या पिठाची चिमूट सांडली होती ती जागासुद्धा तशीच लख्ख होती.

बाहेरच्यांचंही तसंच. दत्तोबाची बायको झुंबरबाई रोज पाण्याची कळशी घेऊन यायची, पण ती आता उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची. आत ये म्हटलं की तिला घरचं दळण आठवे. कस्तुराबाई हात लांब करून कळशी आत ओढून घ्यायची. महिपतीनं जावयाला लिहिलेलं कार्ड दत्तोबानं टपालात टाकायला नेलं आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्याच खिशात निघालं.

शुक्रवारी महिपतीनं ठरवलं की हे मनाचे खेळ, आणि मनाच्या खेळाला दोरखंड हाच उपाय. त्यानं कमरेला कासरा बांधला, स्वतःच्या हातानं, शेडमधली पक्की गाठ मारून. दुसरं टोक अंगणात उभ्या असलेल्या दत्तोबाकडे फेकलं आणि सांगितलं, मी काहीही बोललो तरी ऐकू नकोस, ओढ. दत्तोबा हाडापेरानं रेड्यासारखा. त्यानं पाय रोवून कासरा ओढला.

कासरा गेला. महिपती राहिला. तो उंबऱ्याच्या आत फतकल मारून बसला होता आणि चूल विझली का ते बघायला पाहिजे असं म्हणत होता. गाठ सुटलेली होती, तुटलेली नव्हती. आणि महिपतीच्या दहाही नखांत ताग अडकला होता.

दत्तोबानं हातातलं मोकळं टोक उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "माजी गाय सुटली वाटतं," आणि मागं न बघता गेला.

शनिवारी जावयाचं कार्ड आलं. दत्तोबानंच ते अंगणातून मोठ्यानं वाचून दाखवलं. शालूचे दिवस भरले होते, पायांवर सूज होती, सुईणीला लक्षण ठीक दिसत नव्हतं. शालू आईचं नाव घेऊन रडते आहे, तरी सासूबाईंना मिळेल त्या गाडीनं पाठवा, असं त्यानं लिहिलं होतं. कस्तुराबाईनं ते खांबाला टेकून ऐकलं आणि गाठोडं उचलून ती तडक दाराकडे निघाली. महिपती बघत होता. उंबऱ्याशी ती थांबली. तिचे डोळे भरलेले होते आणि तोंडानं ती म्हणत होती, "लाडवाचा डबा... डबा ऱ्हायला." डबा गाठोड्यातच होता, तिलाही ते ठाऊक होतं. ती तिथंच खाली बसली आणि उंबऱ्यावर डोकं आपटून रडली.

रविवारी सावित्राबाई आली. डोक्यावर केरसुण्यांचा भारा होता, पण कपाळ मोकळं होतं. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या ती थबकली. तिची नजर उघड्या दारातून आत, कोपऱ्यात आडव्या ठेवलेल्या केरसुणीवर गेली. तिनं भारा हळूच खाली उतरवला.

"ही कुनी बांधली, भाऊ?"

महिपतीनं सगळं सांगितलं. जाळीत सापडलेली केरसुणी, वही, चित्र, सात वळसे. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

सावित्राबाई अंगणाच्या कडेला टेकली. तिचा नवरा बहिरू कार्तिकात गेला, म्हणून यंदा तिला उतरायला उशीर झाला होता. वाडीची रीत तिनं जमिनीकडे बघत सांगितली. माणूस गेलं की घरच्या बाईनं एक केरसुणी उलट्या वळशांची बांधायची. तिनं मागच्या खोलीपासून उंबऱ्यापर्यंत एकदाच झाडायचं आणि ती केरसुणी शिवेबाहेर टाकून द्यायची. मग गेलेल्याला घरात परत यायची वाट राहत नाही. जाळीतली केरसुणी बहिरूची होती.

"पर तुमच्या घरातनं कोनी गेलंच न्हवतं," ती म्हणाली. "आन तुमी झाडून घेतलं. वाट बांधली गेली, मानसं आतच ऱ्हायली."

महिपतीनं विचारलं की सोडून टाकली तर, जाळली तर. तिनं मान हलवली.

"मोडू नका. तीच लागंल. आता कोनीतरी गेल्याबिगर वाट सुटायची न्हाई, भाऊ. एक गेलं की दुसरं मोकळं." एवढं बोलून ती उठली. विकायला आणलेल्या केरसुण्यांतली एकही तिनं त्या अंगणात ठेवली नाही.

ती गेल्यावर कस्तुराबाई म्हणाली, "बरं झालं, हितं झाडून बगितली. शालूच्या खोलीत गेली असती तर." आणि भाकरी थापायला बसली.

त्यानंतर त्या घरात दोन माणसं एकमेकांवर पाळत ठेवून राहायला लागली. महिपतीच्या ताटात भाकरी दीड असायची, तिच्या ताटात चतकोर. त्यानं ताटं बदलली की ती भूक नाही म्हणून उठायची. तो खोकला की ती दचकून बघायची. शेडच्या धुरानं त्याची छाती केव्हाच गेली होती. सोमवारी दुपारी तिला त्यानं त्या केरसुणीजवळ हात जोडून बसलेलं पाहिलं, ओठ हलत होते. मरणाला तो फारसा भीत नव्हता. त्याला भीती एकाच गोष्टीची वाटत होती, ही बाई आपल्याआधी ठरवून मोकळी होईल याची. शालूला आई पाहिजे होती. बाप घेऊन ती पोर काय करणार होती?

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला त्यानं तिला समोर बसवलं. शालूची शपथ घ्यायला लावली. काहीही झालं तरी मिळेल ती पहिली गाडी चुकवायची नाही, मागचं सगळं दत्तोबा बघेल.

"आन सुतक?" तिनं खाली बघत विचारलं. म्हणजे तिनंही तोच विचार केला होता.

"पोरीच्या जिवापुढं सुतक कसलं? मी सांगतो ना, धरू नकोस."

"मीच आदी गेले तर?"

"तर शालूला कोण बघेल?" महिपती म्हणाला. तिनं त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि असं तिनं कधी केलं नव्हतं.

मंगळवारी पहाटेपासून धुकं होतं. उजाडताना ते विरळ झालं. कस्तुराबाई मागं चुलीपाशी होती. महिपती उठला, कोट घातला, टोपी घातली, चष्मा लावला. सगळं घेतल्याची दोनदा खात्री केली आणि उंबऱ्याशी आला.

घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. कुणीही असो, विहिरीवर निघालेला असो की विलायतेला. सहा दिवस तो आणि कस्तुराबाई दोघंही या उंबऱ्यावर 'येतो', 'येते' म्हणत आली होती.

महिपतीनं दाराची चौकट धरली.

"कस्तुरा," तो म्हणाला, "जातो गं मी."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्यानं पाय उचलला.

काहीच आठवलं नाही. पाय पलीकडे टेकला. मग दुसरा.

तो अंगणात उभा होता.

हवा गार होती. छातीत घरघर नव्हती, खोकला नव्हता. त्यानं भरभरून श्वास घेतला आणि त्याला हसू आलं. नुसत्या शब्दावर सुटलं की! रीतीत राहिलेला एखादा स्क्रू असणार, तोच त्याच्या हाती लागला होता. तो फाटकापर्यंत गेला, परत आला. सगळं ठीक होतं. त्यानं हाक मारली, "कस्तुरा, ये बाहेर. मोकळं झालंय. मला काही झालं नाही."

ओ आली नाही. आतून तिची किंकाळी आली.

कुंपणाच्या पलीकडून दत्तोबा पळत आला, त्याच्यामागं झुंबरबाई. महिपतीनं हात वर केला. दोघं त्याच्या अंगावरून गेल्यासारखी गेली आणि काही न आठवता, न अडखळता, सरळ घरात शिरली. झुंबरबाईनं आत गळा काढला.

महिपतीला आत जाऊन बघायचं होतं. पण आधी स्टेशनावर जाऊन गाडीची वेळ विचारलेली बरी, असं त्याला वाटलं. मग वाटलं, नको, ओढ्याकडे जाऊन यावं. आपण असं का म्हणतो आहोत ते त्याला कळलं, आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

थोड्या वेळानं मागच्या खोलीतून झाडण्याचा आवाज सुरू झाला.

सावकाश. एकसारखा. मधल्या खोलीत आला. पुढच्या खोलीत आला.

दारात कस्तुराबाई दिसली. काखेत गाठोडं, हातात केरसुणी. ती वाकून झाडत होती आणि डोळ्यांतलं पाणी सरळ जमिनीवर पडत होतं. खाली स्टेशनात गाडी लागल्याची घंटा झाली.

"जा," महिपती म्हणाला. "जा, मिळेल तुला."

तिनं शेवटचा हात मारला. आठवडाभराची सगळी धूळ उंबरा ओलांडून त्याच्या दोन्ही पायांवर आली.

त्यानं खाली पाहिलं. धूळ पलीकडे जाऊन पडली होती. पाय स्वच्छ होते.